टाकाऊ उष्णतेपासून वीजनिर्मिती

टाकाऊ उष्णतेपासून वीजनिर्मिती म्हणजे कारखान्यांतील भट्ट्या, इंजिने व वायू टर्बाइने यांच्या धुराड्यांतून वाया जाणारी उष्णता अडवून, तिच्यावर वाफ किंवा अन्य द्रवाची बाष्पे तयार करून, त्यांच्या दाबाने जनित्र चालवण्याची पद्धत होय. या पद्धतीत विजेसाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही. मूळ उत्पादनासाठी जे इंधन जाळले गेले, त्याचीच उरलेली उष्णता वापरली जाते. सिमेंट, स्पंज लोखंड, पोलाद, काच, रसायने व खते या उद्योगांत ही पद्धत वापरतात. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन येथील सिमेंट प्रकल्प, चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील स्पंज लोखंडाचा कारखाना आणि रायगड जिल्ह्यातील उरण येथील वायू विद्युत केंद्र ही तिची तीन वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणे आहेत.

संज्ञा व व्याप्ती

साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तिच्यात उसाचे चिपाड जाळून प्रथम उच्च दाबाची वाफ तयार करतात, त्या वाफेवर वीज काढतात आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ रस आटवण्यासाठी वापरतात. म्हणजे तेथे वीज आधी आणि उत्पादनासाठीची उष्णता नंतर असा क्रम असतो. टाकाऊ उष्णतेच्या पद्धतीत हा क्रम उलटा असतो. भट्टीचे काम प्रथम होते, आणि त्या कामातून उरलेली उष्णता विजेकडे वळवली जाते. दोन्ही पद्धतींना व्यापक अर्थाने सहवीजनिर्मिती म्हटले जात असले, तरी तांत्रिक आणि कायदेशीर चर्चेत हा भेद महत्त्वाचा ठरतो.

पोलाद कारखान्यातील झोतभट्टीतून निघणारा वायू स्वतः ज्वलनशील असतो. तो जाळून केलेली वीज ही काटेकोरपणे टाकाऊ उष्णतेची नसून टाकाऊ इंधनाची वीज होय. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र दोन्हींचा उल्लेख अनेकदा एकत्र केला जातो.

शास्त्रीय तत्त्व

उष्णता किती आहे यापेक्षा ती कोणत्या तापमानाला उपलब्ध आहे, यावर तिच्यातून मिळणारी वीज अवलंबून असते. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या नियमाचा पाया घातला. उष्णतेचे कार्यात रूपांतर करणाऱ्या कोणत्याही यंत्राची कमाल कार्यक्षमता उष्ण बाजू व थंड बाजू यांच्या निरपेक्ष तापमानांवरून ठरते. थंड बाजू ४० अंश सेल्सिअसला आहे असे धरल्यास ही सैद्धांतिक मर्यादा पुढीलप्रमाणे येते :

- उष्ण बाजू १,००० अंश सेल्सिअस असताना सुमारे ७५ टक्के
- उष्ण बाजू ३५० अंश सेल्सिअस असताना सुमारे ५० टक्के
- उष्ण बाजू १५० अंश सेल्सिअस असताना सुमारे २६ टक्के

प्रत्यक्ष यंत्रे या मर्यादेच्या बऱ्याच खाली राहतात. त्यातच धुराड्याचा वायू उष्णता देता देता स्वतः थंड होत जातो, त्यामुळे सगळी उष्णता सुरुवातीच्या तापमानाला मिळत नाही. सिमेंट कारखान्यातील वायूंपासून पकडलेल्या उष्णतेचा साधारणपणे पाचवा हिस्साच विजेत रूपांतरित होतो. यामुळेच कापड गिरणीच्या बॉयलरमधून निघणारा दीड-दोनशे अंशांचा धूर हाताला तापलेला वाटला, तरी वीजनिर्मितीच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी असतो. ती उष्णता बॉयलरचे पाणी आधीच कोमट करण्यासाठी किंवा ज्वलनाची हवा तापवण्यासाठी वापरणे अधिक फायद्याचे ठरते.

वापरले जाणारे चक्र

सर्वाधिक प्रचलित पद्धत पाणी व वाफ यांच्या रँकिन चक्राची आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ विल्यम रँकिन याच्या नावावरून हे चक्र ओळखले जाते. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये तिचे पुन्हा पाणी होते आणि पंप ते पाणी परत बॉयलरमध्ये ढकलतो. औष्णिक वीज केंद्रातील चक्र हेच असते. फरक एवढाच, की येथील बॉयलरखाली आग नसते, त्याच्या नळ्यांवरून तापलेला वायू वाहत जातो.

वायूचे तापमान कमी असल्यास पाण्याऐवजी पेंटेनसारखे लवकर उकळणारे सेंद्रिय द्रव वापरतात. याला सेंद्रिय रँकिन चक्र म्हणतात. कलिना चक्रात अमोनिया व पाणी यांचे मिश्रण वापरले जाते. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक असल्यास वीज निर्माण होते, हा झेबेक परिणाम १८२१ पासून ज्ञात आहे. त्यावर आधारलेल्या उपकरणांत फिरणारा एकही भाग नसतो, परंतु त्यांची कार्यक्षमता अल्प असल्यामुळे कारखान्यांच्या प्रमाणावर ती अद्याप रुळलेली नाहीत.

इतिहास

सिमेंट उद्योगात ही पद्धत प्रथम जपानमध्ये रुजली. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर आयात इंधनावर अवलंबून असलेल्या या देशाने कारखान्यांतील उष्णतेचा हिशेब बारकाईने मांडण्यास सुरुवात केली. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील सिमेंट कारखान्यांत व्यापारी प्रमाणावरील संच उभे राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानी तंत्रज्ञान चीनमध्ये गेले आणि पुढील काळात चीनमधील बहुसंख्य मोठ्या भट्ट्यांना असे संच जोडले गेले.

भारतात इंडिया सिमेंट्स कंपनीच्या विष्णुपुरम येथील कारखान्यात जपानी साहाय्याने २००४ मध्ये ७.७ मेगावॉटचा संच सुरू झाला. हा कारखाना आता तेलंगणात आहे. सुरुवातीला भारतीय कारखानदारांनी या पद्धतीकडे काहीशा सावधपणे पाहिले. आपल्याकडील चुनखडी व कच्चा माल पावसाळ्यात ओला असतो आणि तो वाळवण्यासाठी भट्टीचाच तप्त वायू वापरला जातो. त्यामुळे विजेसाठी उरणारी उष्णता जपानी कारखान्यांपेक्षा कमी असते. विजेचे वाढते दर आणि ऊर्जाबचतीची कायदेशीर उद्दिष्टे यांमुळे २०१० नंतर चित्र पालटले आणि नव्या सिमेंट प्रकल्पांत असा संच सुरुवातीपासूनच आराखड्यात धरला जाऊ लागला.

सिमेंट कारखान्यातील रचना

सिमेंटचा मूळ घटक असलेले क्लिंकर तयार करण्यासाठी चुनखडी व मातीयुक्त घटकांचे बारीक चूर्ण सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत भाजावे लागते. त्यातील रासायनिक क्रियांसाठी १ किलो क्लिंकरमागे सुमारे ४२० किलोकॅलरी उष्णता तत्त्वतः पुरेशी आहे. चांगल्या आधुनिक भट्टीतही प्रत्यक्षात ७०० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता लागते. मधला फरक धुरातून, कूलरच्या हवेतून आणि भट्टीच्या तापलेल्या पत्र्यातून बाहेर जातो. यांपैकी दोन ठिकाणची उष्णता पकडता येते.

पहिले ठिकाण म्हणजे प्रीहीटर. कच्चे चूर्ण भट्टीत शिरण्यापूर्वी उंच मनोऱ्यातील चक्रवाती पात्रांतून खाली येते आणि भट्टीचा वायू त्याला तापवत वर जातो. मनोऱ्याच्या माथ्यावर या वायूचे तापमान साधारणपणे २८० ते ३८० अंश सेल्सिअस असते. पात्रांचे टप्पे जितके अधिक, तितका वायू अधिक थंड होऊन निघतो. दुसरे ठिकाण म्हणजे क्लिंकर कूलर. भट्टीतून पडणाऱ्या लालबुंद क्लिंकरवर हवा फुंकून ते थंड केले जाते. तापलेल्या हवेचा मोठा भाग ज्वलनासाठी भट्टीत परत जातो आणि उरलेली हवा साधारण २५० ते ३५० अंश सेल्सिअसला बाहेर पडते. या दोन्ही मार्गांवर एकेक बॉयलर बसवून त्यांची वाफ एकाच टर्बाइनकडे नेली जाते.

दोन्ही बॉयलरांपुढील अडचण धुळीची आहे, पण धुळीची जात वेगळी आहे. प्रीहीटरच्या वायूतील धूळ पिठासारखी मऊ असते आणि नळ्यांवर थर धरते. थर साचला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तेथे ठरावीक अंतराने नळ्यांना हादरे देणारे यांत्रिक हातोडे बसवलेले असतात. कूलरच्या हवेतील क्लिंकरची धूळ खरखरीत असते आणि ती नळ्या घासून पातळ करते. म्हणून त्या बॉयलरच्या आधी धूळ खाली बसवणारा कक्ष ठेवतात.

वीज किती मिळते

एका उदाहरणावरून या हिशेबाची कल्पना येते. १ किलो क्लिंकरमागे प्रीहीटरमधून प्रमाण स्थितीतील सुमारे १.४५ घनमीटर वायू निघतो. तो ३२० अंशांवरून २०० अंशांपर्यंत थंड केला, तर सुमारे ६४ किलोकॅलरी उष्णता मिळते. २०० अंशांच्या खाली जाता येत नाही, कारण त्या वायूने पुढे कच्चा माल वाळवायचा असतो. कूलरची सुमारे १ घनमीटर हवा ३०० अंशांवरून १०० अंशांपर्यंत आणल्यास आणखी ६२ किलोकॅलरी मिळतात. दोन्ही मिळून १२६ किलोकॅलरी होतात. म्हणजे १ टन क्लिंकरमागे १,२६,००० किलोकॅलरी. विजेचे १ युनिट ८६० किलोकॅलरींच्या बरोबरीचे असल्यामुळे ही उष्णता सुमारे १४६ युनिटांइतकी भरते. तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे २९ युनिट वीज, हाती लागते.

दिवसाला ५,००० टन क्लिंकर भाजणाऱ्या भट्टीपासून या हिशेबाने सुमारे ६ मेगावॉट वीज सतत मिळू शकते. त्यातून संचाच्या स्वतःच्या पंखे व पंपांसाठी लागणारी वीज वजा करावी लागते. आधुनिक कारखान्यात १ टन सिमेंटसाठी ७० ते ८० युनिट वीज लागते आणि राखमिश्रित सिमेंटमध्ये क्लिंकरचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश असते. हे लक्षात घेता कारखान्याच्या एकूण गरजेपैकी साधारण चतुर्थांश वीज या मार्गाने भागते. भट्टीचा प्रकार आणि कच्च्या मालातील ओल यांनुसार हे प्रमाण कमीअधिक होते.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व व आग्नेय भागात कोळसा आणि चुनखडी ही दोन्ही खनिजे एकमेकांच्या जवळ सापडतात. वणी तालुका वर्धा खोऱ्यातील कोळसापट्ट्यात येतो. तेथील उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, राजूर इत्यादी खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या सार्वजनिक कंपनीशी निगडित आहेत. दक्षिणेकडील झरी-जामणी तालुक्यात पैनगंगा श्रेणीतील प्राचीन चुनखडीचे थर आहेत. हा तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून असून त्यात कोलाम आदिवासींची लक्षणीय वस्ती आहे.

झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन येथे रिलायन्स समूहाच्या सिमेंट कंपनीने प्रकल्प योजला होता. २०१६ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनने ती कंपनी विकत घेतली. पुढे आरसीसीपीएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपकंपनीने मुकुटबनचा कारखाना उभारला आणि २०२२ मध्ये तेथून व्यापारी उत्पादन सुरू झाले. कारखान्याची सिमेंट उत्पादनक्षमता वर्षाला ३९ लाख टन आहे. कोळशावर चालणारे ४० मेगावॉटचे स्वतःचे वीज केंद्र आणि भट्टीच्या टाकाऊ उष्णतेवर चालणारा वीजसंच, असे दोन्ही या प्रकल्पाचे भाग आहेत. जिल्ह्यातील औद्योगिक टाकाऊ उष्णतेपासून वीजनिर्मितीचे हे प्रमुख उदाहरण होय.

दोन संच शेजारी शेजारी असण्याला अर्थ आहे. टाकाऊ उष्णतेचा संच भट्टीवर अवलंबून असतो. भट्टीतील विटांचे अस्तर बदलण्यासाठी किंवा मागणी नसल्यामुळे भट्टी थांबली, की तोही थांबतो. पुन्हा भट्टी पेटवताना मात्र पंखे, पंप व भट्टी फिरवणाऱ्या मोटारींना वीज आधी लागते. म्हणून असा संच हा एकटा आधार होऊ शकत नाही. त्याच्यामागे कोळशाचे केंद्र किंवा महावितरणची जोडणी लागते. उष्णतेच्या संचातून जितकी वीज येते, तितका कोळसा शेजारच्या केंद्रात कमी जळतो किंवा तितकी वीज ग्रीडमधून कमी घ्यावी लागते. या पद्धतीचा खरा लाभ या वजाबाकीत आहे.

जिल्ह्यातील इतर उद्योगांत उष्णता आहे, पण ती विजेच्या उपयोगाची नाही. वणीजवळील राजूर येथे चुनखडी भाजणाऱ्या भट्ट्या आहेत. त्या आकाराने लहान असून त्यांतून निघणारा वायू एका टर्बाइनला पुरेल इतका नसतो. यवतमाळजवळील लोहारा औद्योगिक वसाहतीतील डेनिम कापडाची गिरणी, तसेच जिल्हाभरातील जिनिंग-प्रेसिंग कारखाने कापसावर चालतात. कापड उद्योगातील उष्णता बहुतांशी कमी तापमानाची असते आणि जिनिंगचे काम हंगामी असते. अशा ठिकाणी उष्णतेचा पुनर्वापर पाणी तापवण्यापुरताच व्यवहार्य ठरतो.

वणी–घुग्घुस परिसर व स्पंज लोखंड

वणी तालुक्याच्या पूर्वेस वर्धा नदी ओलांडली, की चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस लागते. येथील लॉईड्स मेटल्स अँड एनर्जी या कंपनीच्या स्पंज लोखंड कारखान्याला टाकाऊ उष्णतेवर चालणारे ३० मेगावॉटचे वीज केंद्र जोडलेले आहे.

स्पंज लोखंड तयार करताना फिरत्या भट्टीत लोहखनिज व कोळसा एकत्र तापवतात. कोळशातील कार्बन खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि खनिज न वितळताच त्याचे सच्छिद्र लोखंड बनते. बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले कोळशाचे कण असतात. ते पुढील कक्षात हवा देऊन पूर्ण जाळले जातात, त्यामुळे वायूचे तापमान ९०० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. हे तापमान सिमेंटच्या वायूपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे उच्च दाबाची वाफ आणि अधिक कार्यक्षमता साधते. दिवसाला १०० टन लोखंड देणाऱ्या भट्टीमागे साधारण २ मेगावॉट वीज मिळते. स्पंज लोखंडाच्या कारखान्याची स्वतःची विजेची गरज त्या मानाने थोडी असते. म्हणून सिमेंट कारखान्याच्या उलट येथे वीज शिल्लक राहते आणि ती विकण्याचा किंवा शेजारी पोलादभट्टी चालवण्याचा प्रश्न निर्माण होतो. शिल्लक विजेच्या या प्रश्नातूनच पुढे उल्लेखिलेला कायदेशीर वाद उद्भवला.

चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर, आवारपूर, उपरवाही व घुग्घुस हा परिसर महाराष्ट्रातील सिमेंट उत्पादनाचा मुख्य पट्टा आहे. मुकुटबनमुळे हा पट्टा यवतमाळ जिल्ह्यात विस्तारला.

महाराष्ट्रातील अन्य उदाहरणे

उरण येथील वायू विद्युत केंद्र हे वीज उद्योगातीलच उदाहरण आहे. महानिर्मितीच्या या केंद्रात प्रत्येकी १०८ मेगावॉटची चार वायू टर्बाइने असून त्यांच्या पाच-साडेपाचशे अंश तापमानाच्या धुरावर प्रत्येकी १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच चालतात. म्हणजे ६७२ मेगावॉटपैकी २४० मेगावॉट क्षमता केवळ वाया जाणाऱ्या उष्णतेची आहे. नैसर्गिक वायूचा पुरवठा अपुरा पडला, की वायू टर्बाइनांबरोबर हे संचही मंदावतात.

पुण्यातील थरमॅक्स ही कंपनी सिमेंट, स्पंज लोखंड व रसायन उद्योगांसाठी टाकाऊ उष्णतेवरील बॉयलर तयार करते. वीजनिर्मितीला अपुऱ्या असलेल्या उष्णतेवर शीतकरण करणारी यंत्रेही ती बनवते.

पाण्याचा प्रश्न

कार्नोचा नियम एका बाजूने जी वीज देतो, तीच दुसऱ्या बाजूने पाणी मागतो. पाचवा हिस्सा वीज झाली, तर उरलेले चार हिस्से कंडेन्सरमधून बाहेर टाकावे लागतात. विजेच्या प्रत्येक युनिटमागे ही उष्णता सुमारे ३,४४० किलोकॅलरी भरते. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी शोषल्या जातात. शीतकरण मनोऱ्यात काही उष्णता हवाही वाहून नेते. हे लक्षात घेतले, तरी प्रत्येक युनिटमागे सुमारे ५ लिटर पाणी हवेत उडून जाते. वर उदाहरणात घेतलेल्या ६ मेगावॉटच्या संचासाठी हा आकडा दिवसाला सुमारे सात लाख लिटरांवर जातो. तुलनेने कोळशाच्या केंद्राला प्रतियुनिट कमी पाणी पुरते, कारण त्याची कार्यक्षमता अधिक असते.

वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या मधल्या या प्रदेशात उन्हाळ्यात पाणीटंचाई नित्याची आहे. अशा ठिकाणी पाण्याऐवजी मोठ्या पंख्यांच्या हवेने वाफ थंड करणारे कंडेन्सर वापरता येतात. त्यांत पाण्याचा वापर नगण्य होतो. त्याची किंमत मात्र अन्यत्र मोजावी लागते. कंडेन्सर महाग असतात, पंखे वीज खातात आणि मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर गेली, की वाफ अधिक तापमानाला थिजते. थंड बाजूचे तापमान ४० ऐवजी ६० अंश झाले, तर ३५० अंशांच्या उष्णतेची सैद्धांतिक मर्यादा ५० वरून सुमारे ४६ टक्क्यांवर येते आणि प्रत्यक्ष उत्पादनही त्या प्रमाणात घटते. विदर्भासारख्या प्रदेशात टाकाऊ उष्णतेच्या प्रकल्पाचे मूल्यमापन करताना मेगावॉटइतकाच कंडेन्सरचा प्रकार पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

पर्यावरणीय परिणाम व मर्यादा

टाकाऊ उष्णतेपासून मिळालेल्या विजेसाठी अधिक इंधन जळत नाही, त्यामुळे तिच्यामुळे टळलेले उत्सर्जन खरे असते. परंतु त्याचे प्रमाण समजून घ्यावे लागते. १ टन क्लिंकर तयार करताना सुमारे ८३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला सव्वापाचशे किलोंच्या आसपासचा भाग इंधनाचा नसून चुनखडीच्या विघटनातून आलेला असतो. चुनखडी भाजली, की तो बाहेर पडणारच. भारतात ग्रीडमधील विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, असे धरल्यास २९ युनिटांमागे सुमारे २० किलो उत्सर्जन टळते. हे प्रमाण क्लिंकरच्या उत्सर्जनाच्या सुमारे अडीच टक्के आहे. सिमेंटमध्ये क्लिंकरच्या जागी औष्णिक केंद्राची राख किंवा झोतभट्टीची मळी वापरल्याने होणारी घट याहून पुष्कळ मोठी असते.

दुसरी मर्यादा अशी, की उष्णता वाया जात असेल तरच ती उपलब्ध असते. भट्टी अधिक कार्यक्षम केली, प्रीहीटरचे टप्पे वाढवले, तर विजेसाठी उष्णता कमी उरते. इंधनाची बचत आणि उरलेल्या उष्णतेची वीज यांत पहिला मान बचतीचा असतो, कारण वाचलेली उष्णता पूर्णपणे वाचते, तर पकडलेल्या उष्णतेचा पाचवा हिस्साच परत मिळतो. वीज मिळते म्हणून भट्टीच्या गळतीकडे दुर्लक्ष करणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो.

तिसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची आहे. ही वीज कारखान्याच्या आवारातच वापरली जाते. परिसरातील गावांना किंवा कृषिपंपांना ती थेट मिळत नाही. कारखान्याने ग्रीडमधून घ्यावयाची वीज कमी झाली, एवढाच सार्वजनिक लाभ होतो, आणि तो अप्रत्यक्ष असतो.

कायदा व धोरण

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१२ मध्ये मोठ्या ऊर्जाग्राहक उद्योगांसाठी एक योजना सुरू केली. तीत प्रत्येक कारखान्याला विशिष्ट ऊर्जावापर घटवण्याचे उद्दिष्ट दिले जाते. उद्दिष्टापेक्षा अधिक बचत करणाऱ्यास विक्रीयोग्य प्रमाणपत्रे मिळतात. सिमेंट आणि लोह-पोलाद हे उद्योग या योजनेत आरंभापासून आहेत. टाकाऊ उष्णतेच्या संचामुळे कारखान्याची बाहेरून घेतलेली ऊर्जा घटते, म्हणून उद्दिष्ट गाठण्याचा तो एक मार्ग ठरला. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये कार्बन पत व्यापार योजना अधिसूचित करण्यात आली.

ही वीज अक्षय ऊर्जेच्या बरोबरीची मानावी की नाही, हा प्रश्न अधिक वादग्रस्त ठरला. वीज कायदा, २००३ च्या कलम ८६(१)(ई) मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने सहवीजनिर्मिती आणि अक्षय स्रोत या दोहोंना उत्तेजन द्यावे, असे म्हटले आहे. कल्याणजवळील शहाड येथील सेंच्युरी रेयॉन विरुद्ध महाराष्ट्र वीज नियामक आयोग या प्रकरणात वीज अपील न्यायाधिकरणाने २०१० मध्ये निर्णय दिला. जो उद्योग स्वतः सहवीजनिर्मिती करून ती वापरतो, त्याच्यावर अक्षय ऊर्जा खरेदीचे वेगळे बंधन घालता येत नाही, असा त्याचा आशय होता. घुग्घुस येथील लॉईड्स मेटल्सच्या प्रकरणात प्रश्न निराळा होता. वितरण कंपनीने अशी वीज विकत घेण्याचे बंधन पाळले पाहिजे काय, हा तो प्रश्न होय. न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने २०१३ मध्ये असे ठरवले, की जीवाश्म इंधनावरील सहवीजनिर्मितीतून वीज घेण्याचे बंधन वितरण कंपनीवर लादता येत नाही.

दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता व्यवहारातील चित्र स्पष्ट होते. अशी वीज स्वतःच वापरणाऱ्या उद्योगाला कायद्याचा आधार मिळतो. ती विकू पाहणाऱ्या उद्योगाला हक्काचा ग्राहक मिळत नाही. भट्टीतील मूळ इंधन कोळसा असल्यामुळे तिला सौर किंवा पवन ऊर्जेचा दर्जा नाही. यामुळेच सिमेंट उद्योगात ही पद्धत वेगाने पसरली. तेथे निर्माण होणारे प्रत्येक युनिट कारखान्यातच खपते आणि त्यासाठी ग्राहक शोधावा लागत नाही.

हेही पाहा

- सहवीजनिर्मिती
- रँकिन चक्र
- सिमेंट
- स्पंज लोखंड
- झरी-जामणी तालुका
- वणी
- उरण वायू विद्युत केंद्र